गोदींतील लोहारांचा कुलवृत्तांत

आपल्या पांढरपेशा समाजांत कुलवृत्तांत छापण्याची हौस जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोंकणांतल्या कितीतरी घराण्यांनीं मूळ पुरुषापासून तों पाळण्यांतल्या बाळापर्यंत सर्वांचीं नांवें गोळा करून जाड बांधणीचे ग्रंथ प्रसिद्ध केले. अशा ग्रंथाची एकादी प्रत वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं फडताळांत असेल. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गांव, कोणी पेशवाईंत कारकून होता, कोणी इनाम मिळविलें, हें सर्व त्यांत नीट मांडलेलें असतें. ह्या उद्योगाविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु हे ग्रंथ सिद्ध करणें आपणांस तुलनेनें सोपें कां गेलें, ह्याचा विचार आपण क्वचितच करतों. आपले पूर्वज लिहिणारे होते; किंवा त्यांचें नांव दुसऱ्या कोणास तरी लिहावें लागेल असें कांहींतरी, म्हणजे जमीन, वृत्ति अथवा इनाम, त्यांच्यापाशीं होतें. ज्यांनीं मजुरीवर हातानें काम केलें, त्यांच्या नातवंडांनीं आपला कुलवृत्तांत लिहावयाचा म्हटलें तर तो कोठून लिहावा? मुंबईच्या सरकारी गोदींत ज्यांनीं घण मारले त्या लोहारांच्या उदाहरणावरून ह्या प्रश्नाचा विचार वाचकांपुढें ठेवावा, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या गोदीविषयीं. इंग्रजांच्या कंपनीनें १७३६ सालीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया ह्या पारशी कारागिरास मुंबईस आणविलें. त्याच्याबरोबर कांहीं निवडक सुतारहि आले. पुढें १७५० च्या सुमारास येथें पहिली सुकी गोदी बांधली गेली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आंत घ्यावयाचें, दरवाजा लावावयाचा, पाणी काढून टाकावयाचें आणि कोरड्या जागीं त्याच्या तळाची दुरुस्ती करावयाची, अशी ती सोय होती. आशिया खंडांतील ही अशा प्रकारची पहिली गोदी होय, असें मानतात. तिच्या शेजारीं आणखी गोद्या झाल्या, आणि १८१० पर्यंत डंकन गोदीचेंहि काम पुरें झालें. त्याच १८१० सालीं जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांनीं ब्रिटिश आरमाराकरितां 'मिंडेन' हें मोठें युद्धजहाज येथून पाण्यांत सोडलें. १८१३ सालीं 'कॉर्नवॉलिस' झालें. चीनशीं १८४२ सालीं झालेल्या नानकिंगच्या तहावर ह्याच जहाजावर सह्या झाल्या. १८२४ सालीं 'एशिया' झालें. तें तीन वर्षांनीं नव्हारिनोच्या लढाईंत इंग्रज सेनापतीचें मुख्य जहाज होतें. आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईच्या पाण्यांत उतरलेलें 'ट्रिंकोमाली' तर आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी मुंबईच्या कारागिरांचें काम तेथें प्रत्यक्ष हात लावून पाहतां येतें.

ह्या जहाजांची कीर्ति सांगतांना लोक मलबारच्या सागवानाची स्तुति करतात, आणि ती योग्यच आहे. पण जहाज नुसत्या लाकडाचें होत नाहीं. फळी आंतल्या वांसास जखडावी लागते. त्यास हातभर लांबीचे मोळे व खिळे लागतात. सुकाणूं ज्या बिजागऱ्यांवर फिरतें त्या लोखंडाच्या असतात. अनेक तुकडे जोडून केलेल्या डोलकाठीवर लोखंडी कडीं तापवून चढवितात व गार होतांच तीं आवळून बसतात. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितांना आपण हा प्रकार पाहिला असेल. शिवाय दोरखंडांच्या कड्या, तोफांच्या गाड्यांचे पट्टे, नांगरांची दुरुस्ती, सुतारांच्या हत्यारांस पाणी देणें, हीं कामें रोजचींच. सागवानाचा आणि लोखंडाचा एक विशेष संबंधहि येथें सांगण्याजोगा आहे. इंग्लंडांतील ओक लाकडांत असणाऱ्या आम्लानें त्यांतील लोखंडी खिळा खाल्ला जातो व भोंवतालचें लाकूडहि काळें पडून कुजतें; सागवानांत तेल असल्यामुळें त्यांतला खिळा पुष्कळ काळ टिकतो. जहाजाच्या तळास तांब्याचा पत्रा मारण्याची चाल पडल्यावर, तांबें व लोखंड खाऱ्या पाण्यांत एकत्र आल्यास लोखंड झिजतें असें आढळून आलें, म्हणून पाण्याखालच्या भागांत तांब्याच्या खिळ्यांचा उपयोग होऊं लागला. तथापि पाण्यावरच्या भागांत लोहाराच्या हातचें लोखंडच राहिलें. सागवानानें लोखंड राखलें आणि लोखंडानें सागवान धरून ठेवलें. मुंबईच्या जहाजांच्या दीर्घायुष्याचें रहस्य ह्या जोडींत आहे, आणि त्या जोडींतील अर्धा वांटा लोहाराचा आहे.

आतां नांवांकडे वळूं. 'ट्रिंकोमाली'च्या तळाचा कणा घालतांना पारशी प्रथेप्रमाणें त्यांत चांदीचा एक खिळा ठोकला, असें त्या जहाजाच्या वृत्तांतांत आवर्जून सांगतात. मुख्य बांधकाऱ्यास चांदीची मोजपट्टी देऊन गौरविण्याचीहि रीत होती. जमशेटजींचें चित्र ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयांत आहे. वाडिया घराण्यांतील बांधकाऱ्यांची परंपरा सुमारें दीडशें वर्षें चालली, आणि रतनजी अर्देशीर वाडिया ह्यांनीं १९५५ सालीं त्या घराण्याचा व गोदीचा इतिहास ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. हें सर्व उचित आहे. गुणी माणसांची आठवण राहिली, ह्याचा कोणासहि आनंदच वाटेल. मात्र चांदीच्या एका खिळ्याची नोंद राहिली, आणि लोखंडाच्या ज्या हजारों खिळ्यांनीं जहाज एकत्र धरलें त्यांतला एकहि खिळा कोणीं घडविला तें कोठें लिहिलेलें नाहीं, एवढें आमच्या मनास लागून राहतें.

असें कां झालें, ह्याचें कारण दप्तरांच्या रचनेंत आहे. इंग्लंडांतील पोर्टस्मथ अथवा चॅटम येथील गोदींत कोणाचा पूर्वज लोहार असेल, तर तो लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत जातो. तेथें सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या आरमारी गोद्यांच्या पगारवह्या राखून ठेवल्या आहेत. पगार माणसागणिक द्यावयाचा व त्याचा हिशेब वरिष्ठांस दाखवावयाचा, म्हणून प्रत्येकाचें नांव त्याच्या धंद्याखालीं लिहिलेलें आढळतें. मुंबई इलाख्यांत राहणाऱ्या युरोपियनांचीहि अशीच सोय झाली: त्यांच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या नोंदींच्या प्रती विलायतेस पाठविल्या जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररींत पाहावयास मिळतात. त्याच गोदींतील एतद्देशीय लोहार मात्र वरिष्ठ कागदपत्रांत बहुधा आंकड्यानेंच दिसतो: लोहार इतके, घण मारणारे इतके, दरमहा खर्च इतका. आंकड्याला बाप नसतो आणि मुलगाहि नसतो. त्याची वंशावळ कशी लावणार?

ह्याच्या उलट आपल्या देशावरील खेड्यांतला लोहार पाहा. तो बारा बलुतेदारांपैकीं एक. त्याचा हक्क वंशपरंपरेचा, म्हणून वांटणीचा किंवा मानपानाचा तंटा झाला कीं महजर होई, आणि त्यांत त्याचें, त्याच्या बापाचें व आजाचें नांव येई. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील हजारों रुमालांत अशा नांवांस तोटा नाहीं. तोच मनुष्य पोटासाठीं मुंबईस आला, रोजमुऱ्यावर लागला, आणि कागदांतून नाहींसा झाला. हातचें कसब तेंच, ऐरण तीच. पण हक्क गेला तसें नांवहि गेलें. गेल्या दोनशें वर्षांत शहरांत येऊन राबलेल्या बहुतेक कष्टकरी घराण्यांची हीच कथा आहे, आणि ज्यास त्यांचा इतिहास शोधावयाचा आहे त्यानें हें सूत्र आधीं ध्यानांत घ्यावें. नांवें मोठ्या दप्तरांत न शोधतां, जेथें त्या माणसाला स्वतः होऊन आपलें नांव सांगावें लागलें अशा लहान कागदांत शोधावींत.

हें सूत्र आम्हांस एका कुटुंबाच्या शोधांतून उमगलें. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें घर दादरला नायगांवांत आहे. जातीनें ते पांचाळ लोहार. विश्वकर्म्याच्या पांच पुत्रांपैकीं मनूकडे लोखंडाचें काम आलें आणि आपण त्याचे वंशज, अशी पांचाळांची परंपरागत समजूत आहे. ह्या विद्यार्थ्याच्या मुलीस महाविद्यालयांत प्रवेश घ्यावयाचा होता, आणि त्यासाठीं जातीच्या दाखल्याची पडताळणी आवश्यक होती. इतर मागासवर्गीयांस महाराष्ट्रांत ह्या कामीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींच्या वास्तव्याचे व जातीचे पुरावे द्यावे लागतात. तिच्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरांतील नोंद मिळाली आणि कचेरीचें काम त्या एका कागदानें भागलें. मुलीचें समाधान मात्र तेवढ्यानें झालें नाहीं. "आपण मूळचे गोदीवाले लोहार," असें ती लहानपणापासून ऐकत आली होती. कोणती गोदी, कोण लोहार, केव्हांची गोष्ट, हें कोणासच सांगतां येईना. आजोबांस आपल्या आजाचें नांव ठाऊक होतें, त्याच्या पलीकडचें ठाऊक नव्हतें.

घरांतील जुनी पत्र्याची पेटी उघडून पाहावी, एवढें आम्हीं सुचविलें. तींत देवांच्या तसबिरी, रेशनकार्डें, एक पितळी बिल्ला आणि तळाशीं चौघडी घातलेला एक मोडी कागद निघाला. हा कागद कोणासच वाचतां येत नसल्यामुळें कित्येक वर्षें "कसलेंसें मंत्राचें" म्हणून जपून ठेवला होता. मोडी आम्हांस वाचतां येते. तो मंत्र नव्हता. शके १७९० मधील, म्हणजे इसवी सन १८६८–६९ मधील, कर्जरोखा होता. लिहून देणार अमुक बिन अमुक, जात लोहार, मूळ वस्ती रेवदंडा, हल्लीं राहणार उमरखाडी, पूर्वीं चाकरी सरकारी गोदी. लेकीच्या लग्नाकरितां रुपये पंचवीस घेतले, त्यांस तारण घरची ऐरण एक व भाता एक. नांवें आम्हीं येथें देत नाहीं. तीं त्या घराचीं आहेत.

ह्या रोख्याचा काळ ध्यानांत घेण्यासारखा आहे. १८६३ सालीं सरकारनें इंडियन नेव्ही हें स्वतंत्र आरमार मोडलें. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले, आणि मुंबईंतल्या सट्ट्याचा फुगा फुटून लहानमोठे सर्वच पोळले. "पूर्वीं चाकरी" ह्या दोन शब्दांमागें तें अरिष्ट उभें आहे. लोहारानें ऐरण गहाण टाकणें म्हणजे भिक्षुकानें पोथ्या गहाण टाकण्यासारखेंच आहे. तो रोखा वाचतांना घरांतलीं सर्व माणसें निःशब्द झालीं होतीं. मग मुलीनें कागद उलटा केला. पाठीमागें निराळ्या शाईनें तीन वर्षांनंतरची मिती घालून लिहिलें होतें: रुपये व्याजासुद्धां भरून पावलों, जिन्नस परत दिला. ऐरण सुटली होती. ज्या माणसाचें नांवहि चार घटकांपूर्वीं घरांत कोणास ठाऊक नव्हतें, त्याच्या सचोटीचा दाखला सावकाराच्या हातानें लिहिलेला मिळाला. आपल्या कुलवृत्तांतांतील इनामांच्या सनदांहून ह्या पावतीची किंमत आम्हांस उणी वाटत नाहीं.

परंतु सावकाराच्या रोख्यांतील हा लोहार ह्याच कुटुंबाचा पूर्वज कशावरून? पेटी कोणाचीहि कोठूनहि येऊं शकते. पुराव्याची शिस्त येथें पाळली पाहिजे. रोख्यांत रेवदंड्याचें नांव होतें, आणि गांव व जात कळली कीं तीर्थक्षेत्रींच्या उपाध्यायांच्या वह्यांचा मार्ग मोकळा होतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणीं तीर्थोपाध्यायांच्या घरीं यजमानांच्या वह्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या असतात. यात्रेस आलेल्या माणसाचें नांव, बापाचें, आजाचें, भावांचें, मुलांचें नांव आणि गांव त्यांत लिहून घेतात. मुलगी आणि तिचे वडील त्र्यंबकेश्वरीं गेले. रेवदंड्याच्या लोहारांची वही कोणत्या घरीं आहे हें शोधण्यांत दोन दिवस गेले. अखेर शके १८२० ची, म्हणजे १८९८–९९ ची, नोंद मिळाली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढलीं वर्षें शहरानें अतोनात हाल सोसले. त्या सांथींत आईबाप गेलेला एक तरुण त्यांच्या क्रियेकरितां त्र्यंबकास आला होता. त्याचें नांव आजोबांच्या आजाचें. त्यानें सांगितलेलें बापाचें आणि आजाचें नांव हीच ती रोख्यांतली जोडी. दोन कागद, एक सावकाराचा व एक उपाध्यायाचा, तीस वर्षांच्या व दीडशें कोसांच्या आंतील असले तरी एकमेकांशीं कांहीं संबंध नसलेले, आणि बापलेकांचीं नांवें दोहोंत तींच. ह्याहून चांगला पुरावा कोणता हवा?

आडनांवाच्या आधारें हा शोध कधींच लागला नसता, हें येथें मुद्दाम सांगतों. रोख्यांत आडनांव नाहीं, नुसतें "लोहार". त्र्यंबकच्या वहींत गांवावरून पडलेलें आडनांव आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरेंच. शिवाय धंद्याचें नांवहि पिढीगणिक बदलतें. १८२९ सालीं मुंबईच्या गोदींत 'ह्यू लिंडसे' ही आगबोट बांधली गेली आणि पुढल्याच वर्षीं ती सुएझपर्यंत जाऊन आली. वाफेच्या ह्या युगांत वाडिया घराण्यांतीलच अर्देशीर खरशेटजी ह्यांनीं यंत्रविद्येंत मोठें नांव मिळविलें. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले हिंदी सभासद झाले आणि गोदींतील वाफेच्या कारखान्याचे मुख्य यंत्रज्ञ म्हणून त्यांनीं गोऱ्या कारागिरांवरहि अधिकार चालविला. लाकडी जहाजांचा काळ सरला तसें सुतारांचें महत्त्व घटलें आणि लोखंडाचें काम वाढलें. परंतु तें करणारा माणूस आतां लोहार म्हणवीनासा झाला. तो फिटर झाला, बॉयलर बनविणारा झाला, ओतारी झाला. आगगाड्यांच्या कंपन्यांनीं परळला मोठे कारखाने काढले, जी. आय. पी. रेल्वेचा परळचा कारखाना १८७९ चा. आमच्या विद्यार्थ्याच्या खापरपणजोबांनीं, म्हणजे त्र्यंबकास गेलेल्या त्याच तरुणाच्या घराण्यानें, गोदी सोडून रेल्वेची वाट धरली, आणि कुटुंब उमरखाडीहून परळास व परळाहून नायगांवांत आलें. पेटींतला बिल्ला त्या दुसऱ्या पर्वाचा. म्हणून सांगतों कीं, अशा शोधांत आडनांवावर व हुद्द्यावर विसंबूं नये. बापलेकांच्या नांवांची जोडी आणि मूळ गांव हीं दोन टोंकें घट्ट धरावींत.

आणखी एक गोष्ट त्या मुलीस आम्हीं बजावून सांगितली, ती येथेंहि सांगतों. रोख्यांतील लोहाराचा बाप ज्या वयाचा असावा त्यावरून तो 'ह्यू लिंडसे' बांधली तेव्हां तरुण होता, असें म्हणतां येईल. पण त्या आगबोटीचा अमुक पट्टा आमच्या पूर्वजानें घडविला, असें कागदावांचून म्हणूं नये. आपल्या कुलवृत्तांतांत शिवछत्रपतींच्या अगर पेशव्यांच्या शेजारीं आपला मूळ पुरुष उभा करण्याचा मोह पुष्कळांना आवरलेला नाहीं. पंचवीस रुपयांचा खरा रोखा हा हजार रुपयांच्या खोट्या सनदेहून श्रेष्ठ होय. मुलीनें तें मानलें. तिच्या वहींत प्रत्येक नांवापुढें तें कोणत्या कागदांत आढळलें हें लिहिलें आहे, आणि जेथें कागद नाहीं तेथें "आजोबांनीं सांगितलें" असें स्वच्छ लिहिलें आहे.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर शास्त्रांतच आहे. श्राद्धांत आपण पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नामोच्चार करतों. नांवें ठाऊक नसतील तर काय करावें, ह्याचाहि विचार प्राचीनांनीं केला आहे: पृथ्वीवर बसलेले, अंतरिक्षांत बसलेले, स्वर्गांत बसलेले असे पितर म्हणून त्यांस संबोधावें, अशी सोय श्रौतसूत्रांत आहे. ज्यानें हा नियम केला त्यास नांव हरवलेल्या माणसाचें दुःख ठाऊक असलें पाहिजे. ह्या कुटुंबांतील आजोबा दर पितृपक्षांत दोन नांवें उच्चारीत, आणि तिसऱ्या नांवापाशीं उपाध्याय थांबले कीं खालीं मान घालीत. शोध लागल्यानंतरच्या पक्षांत त्यांनीं तिसरें नांव स्वतः उच्चारलें. विधि आटोपल्यावर ते आम्हांस एवढेंच म्हणाले, "गुरुजी, म्हातारा ऐरण सोडवून गेला, आज त्याचें नांवहि सुटलें." ह्या वाक्यावर आमच्यानें कांहीं बोलवलें नाहीं.

ज्यांना असा शोध घ्यावयाचा आहे, त्यांच्यासाठीं मार्ग थोडक्यांत सांगतों. आरंभ घरांतून करावा, आणि घरांतहि वडीलधाऱ्या बायकांपासून. पुरुषांना नोकऱ्या आठवतात. बायकांना माहेरचीं गांवें, देवीची यात्रा, कोणाच्या लग्नांत कोण कोठून आलें, हें आठवतें, आणि मूळ गांवाचा धागा बहुधा तेथेंच सांपडतो. मग शाळेचें जनरल रजिस्टर पाहावें. आम्हीं स्वतः तें अनेक वर्षें भरलें आहे आणि त्यांतील जन्मस्थळ, जात, पालकाचें नांव ह्या रकान्यांचें मोल आम्हांस ठाऊक आहे. त्यानंतर महानगरपालिकेकडील जन्ममृत्यूच्या नोंदी. गांव कळल्यावर तालुक्याच्या कचेरींतील गांव नमुना चौदा, ज्यास कोतवाल बुक म्हणतात, तें पाहावें. त्यांत गांवच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असून जुन्या नोंदी पुष्कळदां मोडींत असतात. मग तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गोदीचा व सागरी खात्याचा सरकारी पत्रव्यवहार पाहावयाचा झाल्यास एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. आणि त्या काळची मुंबई डोळ्यांपुढें उभी करावयाची तर गोविंद नारायण माडगांवकर ह्यांचें १८६३ चें 'मुंबईचें वर्णन' आणि आचार्य व शिंगणे ह्यांचा १८८९ चा 'मुंबईचा वृत्तांत' वाचावा. दादरकरांस त्यासाठीं दूर जावयास नको. १८९८ सालीं स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आपल्या नायगांवांतच आहे.

पण हें सर्व करावयास वेळ थोडा उरला आहे. नायगांव, वरळी, ना. म. जोशी मार्ग येथील १९२० च्या दशकांतल्या जुन्या चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि राहत्या माणसांस चांगलीं घरें मिळत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र घर बदलतांना पहिल्यानें काय टाकलें जातें? माळ्यावरची पेटी, वाचतां न येणारे कागद, आजोबांचा बिल्ला. रद्दीवाल्यास मोडी कागद आणि कालचें वर्तमानपत्र ह्यांत भेद दिसत नाहीं. एकेका ट्रकाबरोबर कित्येक घराण्यांचीं तिसरीं नांवें कायमचीं नाहींशीं होत आहेत.

येथें आपलें कर्तव्य येतें. ज्यांच्या वाडवडिलांनीं मोडी लिहिली, ज्यांच्या घरीं ती वाचणारीं माणसें अजून आहेत, ज्यांच्या नातलगांत कोणी तीर्थोपाध्याय आहेत, अशा कुटुंबांनीं आपलें हें ज्ञान शेजाऱ्याच्या उपयोगीं आणावें. आठवड्यांतून एक दुपार शेजारच्या चाळींतील जुने कागद वाचून देण्यांत घालविली, तर आपलें कांहीं खर्च होत नाहीं. वह्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनीं त्यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं, म्हणजे वाळवीचें भय राहणार नाहीं. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं सोमवारीं रुद्र म्हणतात. त्या रुद्राध्यायांत सुतारास, रथ करणाऱ्यास, कुंभारास आणि कर्मारास, म्हणजे लोहारास, स्पष्ट शब्दांनीं नमन केलेलें आहे. ज्याला आपण रोज मंत्रांत नमस्कार करतों, त्याचा कागद हातीं आला असतां तो वाचून देणें हा त्या नमस्काराचाच एक भाग समजावा. पावसाळ्यापूर्वीं पेट्या उन्हांत काढण्याची आपली रीत आहेच. यंदा शेजाऱ्याच्या पेटीचीहि चौकशी करावी.